‘पाव’ आणि ‘एक छेद चार’ यांची ओळख करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात आमच्याकडं वर्षाची चटणी होते. यंदा डंकावर (मिरची कांडायच्या गिरणीवर) जाण्याआधी सामान काढताना सहावीतल्या लेकीला विचारलं, ‘किलो मिरचीला पाव किलो धणे, तर सव्वा किलोला किती?’ तिनं वहीत १/४ आणि ५/४ मांडले, अंशात अंश, छेदात छेद मिळवला आणि ६/८ आणलं. म्हणजे पाऊण किलो धणे! समोर मिरचीचा ढीग असूनही तिला शंका आली नाही.

मग वही मिटली. एका किलोला पाव किलो धणे बाजूला काढले. ‘उरलेल्या पाव किलो मिरचीला?’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘पावाचा पाव.’ पाव किलोचे चार वाटे केले, एक वाटा साडेबासष्ट ग्रॅमचा. एकूण ३१२.५ ग्रॅम. त्यानंतर १/४ × ५/४ = ५/१६ हे तिनं आपणहून लिहिलं.

बाजारातला पाव आणि वर्गातलं ‘एक छेद चार’ एकच, हेच पोरांपर्यंत पोचत नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे तयार शब्द आपल्या भाषेत आहेत. जुनी माणसं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे म्हणायची. ते पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही, पण ते शब्द वर्गात कानावर तरी पडू द्या.

प्रमाणाचंही तेच. सहा मजूर एक ऊसफड आठ दिवसांत तोडतात, तर बारा मजूर? तिरकस गुणून मुलं सोळा दिवस लिहितात. मजूर दुप्पट झाले, मग दिवस वाढतील कसे? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त त्रैराशिक (तीन संख्यांवरून चौथी काढायची रीत) सांगताना व्यस्त त्रैराशिक वेगळं काढलं आहे: इच्छा (इथं मजूर) वाढली की फल (इथं दिवस) घटतं, तिथं ते वापरायचं. आधी विचार, मग गुणाकार.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. ‘क्ष मानू’ लिहिण्याआधी मुलांकडून एक ओळ लिहून घ्या: उत्तर वाढणार की घटणार, आणि का. शिष्यवृत्तीच्या सरावात वेळ कमी पडतो हे मान्य, पण रोजच्या वर्गात ही ओळ बसते. तिला अर्धा गुण ठेवला तरी मुलं ती लिहितील.

– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर