पातं लांबतं कसं

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, "धातू वितळत नाही, तुटत नाही, मग लांबतो कसा?" हे तुम्ही विचारलंत, ते फोनवर नीट सांगता आलं नाही.

जेट इंजिनातलं टर्बाइनचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तो १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, आणि पात्याचे काही भाग ११००च्या घरात जातात. वितळणं इतकं जवळ आलं की अणू जागा सोडू लागतात. त्यात फिरण्याची ओढ सतत असते, म्हणून पातं कणाकणाने लांबतं. हाच क्रीप.

आई, सूक्ष्मदर्शकाखाली हा मिश्रधातू विटांच्या भिंतीसारखा दिसतो. विटा म्हणजे गॅमा प्राइम: तीन निकेलला एक ॲल्युमिनियम, अर्ध्या मायक्रॉनचे घन, आकारमानाने जवळपास ७० टक्के. मधला चुना म्हणजे गॅमा. अणूंची चुकलेली ओळ, म्हणजे डिस्लोकेशन, चुन्यातून सहज सरकते. विटेतल्या अणूंची जागा मात्र ठरलेली असते. ती मोडल्याशिवाय आत शिरता येत नाही, म्हणून ओळ तिथेच अडते. सगळी ताकद या अडण्यात आहे. ७५० अंशांना ओढ फार मोठी असेल, तर विटाही कापल्या जातात.

१००० अंशांपुढे वेगळंच घडतं, आणि मला सगळ्यात सुंदर तेच वाटतं. विटेतलं अणूंमधलं अंतर चुन्यापेक्षा किंचित कमी असतं. ओढीमुळे आडव्या चुन्यात डिस्लोकेशन साठतात, उभा चुना बुजत जातो आणि विटा जुळून ओढीला आडव्या पट्ट्या होतात. यालाच राफ्टिंग म्हणतात. ओढीऐवजी दाब असेल तर पट्ट्या उभ्या होतात. पुढे गॅमा प्राइमच सलग होतो, गॅमा त्यात कोंडला जातो आणि लांबण्याचा वेग वाढतो. ऱ्हेनियम-टंगस्टनच्या कठीण चकत्या निघाल्या, तर त्या चुन्याची ताकद ओढून घेतात. तडा बहुधा ओतकामात राहिलेल्या पोकळीपासून सुरू होतो.

क्रीप मोजायला धातूचा नमुना तापवून, वजन लावून ओढतात. या चाचणीत घात करतं ते तापमान. १०-१५ अंश जास्त झाले तरी आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून नमुन्याला वर, मध्ये, खाली असे तीन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, चिकटून बांधावे लागतात; एक सैल झाला की आकडा खोटा. मध्येच थांबवून आतली रचना बघायची असेल, तर वजन काढायच्या आधी नमुना थंड करायचा, नाहीतर डिस्लोकेशन जागा बदलतात. आणि काप ओढीच्या दिशेनेच घ्यायचा. आडव्या कापात पट्ट्या दिसत नाहीत, नुसता चक्रव्यूह दिसतो, आणि राफ्टिंग झालंच नाही असं वाटतं.

तुमची लेक