महाविद्यालयाची जुनी इमारत पाडू नये

संपादक महोदय,

आमच्या तालुक्यातील महाविद्यालयाची जुनी, कवेलूंची इमारत पाडून तेथे वाहनतळ करण्याचा विचार सुरू असल्याचे समजले. ही इमारत मुळात जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या कारखान्याची. 1972-73 च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना (शेतकऱ्यांनी कापूस फक्त शासनालाच विकायचा) सुरू झाली, तेव्हा तिच्या आवारात कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) रात्रभर रांगेत उभ्या असत आणि शेतकरी बंडीखालीच झोपत, हे मी लहानपणी पाहिले आहे. पुढे रुईच्या गाठींच्या त्याच गोदामात कला शाखेचे वर्ग भरू लागले आणि माझ्यासह कित्येकांच्या घरातील पहिला पदवीधर तेथे घडला. नंतर ती ग्रंथालय झाली, मतदान केंद्र झाली. आज तेथे मोडके बाक पडले आहेत. अमरावतीत 1923 साली सुरू झालेले किंग एडवर्ड महाविद्यालय नाव बदलून आजही शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून विद्यादान करीत आहे. आमची वास्तू साधी असली तरी तिच्या सागवानी तुळया अजून शाबूत आहेत. ती दुरुस्त करून तेथे मुलींसाठी अभ्यासिका करावी, कारण सायंकाळच्या एसटीची वाट पाहत त्यांना आज फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहावे लागते.

– एक माजी विद्यार्थी, जि. यवतमाळ