मन्या, तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि आमचे आप्पा

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू मुतखड्याचं सांगत होतास आणि मधेच बोलून गेलास की बाकी काही नाही, फॅटी लिव्हर ग्रेड 2 आलंय, ते काय सगळ्यांनाच असतंय की. आणि लगेच पोरीच्या दहावीचा विषय काढलास. मी तेव्हा काही बोललो नाही, मला जमलंच नाही, फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभा होतो. व्हॉइस नोट पाठवणार होतो पण आप्पांचा विषय निघाला की माझा आवाज बसतो, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, दुकान बंद केल्यावर निवांत वाच.

आप्पा कशाने गेले हे मी तुला तेव्हा "लिव्हरचं होतं" एवढंच सांगितलं होतं. तू काही विचारलं नाहीस पण बाकीच्यांनी विचारलं. दहाव्याला घाटावर मी स्वतःच्या कानाने ऐकलं, आमच्याच भावकीतला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, माळकरी होता पण चोरून घेत असणार बघ, त्याशिवाय लिव्हर कसं खराब होईल. मन्या, ज्या माणसाने आयुष्यात दारूच काय, कांदा लसूणसुद्धा चातुर्मासात शिवला नाही त्याच्याबद्दल हे. मी काही बोललो नाही कारण खरं सांगायचं तर मलाही तोपर्यंत नीट माहीत नव्हतं की दारूशिवाय सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी निबर होणं, होतो. होतो. चांगला होतो. आप्पांना डायबेटिस 18 वर्षांचा, पोट सुटलेलं, हातपाय काटक, दिवसभर पेढीवर बसून काम, आणि चहा म्हणशील तर दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. डायबेटिस व्हायच्या आधीची सवय ती, नंतरही "अर्धाच चमचा टाक" म्हणत चालूच होती. डायबेटिस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी असते, हे आम्हाला त्या 18 वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, आमचं सगळं लक्ष साखर किती आली एवढ्यावर.

आता जे सांगणार आहे ते आईलासुद्धा सांगितलेलं नाही. आप्पा गेल्यावर कागदपत्रं आवरताना कपाटात त्यांची जुनी फाईल सापडली. 2016 चा सोनोग्राफीचा रिपोर्ट. फॅटी लिव्हर ग्रेड 2. तुझ्या रिपोर्टवर आहे तेच, अक्षरशः तेच. आणि तो रिपोर्ट त्या दिवशी मीच आणायला गेलो होतो, लॅबच्या बाहेर गाडीवर बसून वाचला होता आणि आप्पांना म्हटलं होतं, काही नाही हो, थोडी चरबी आहे, तळलेलं कमी करा. झालं. फाईल कपाटात गेली ती सहा वर्षं तिथेच.

त्या फाईलमध्ये रक्ताचे रिपोर्टही होते. नंतर एका डॉक्टरांनी मला एक साधा हिशोब शिकवला, फिब-4 म्हणतात त्याला. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. एसजीओटी, एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वर्गमूळ बघून घाबरू नको, मोबाईलवर होतं. उत्तर 1.3 च्या खाली आलं तर लिव्हरवर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर गेलं तर लगेच पुढची तपासणी करायची. आप्पांचे 2016 चे आकडे असे, वय 61, एसजीओटी 58, एसजीपीटी 44, प्लेटलेट 1 लाख 32 हजार (हिशोबात 132 धरायचे). मी रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात बसून ते आकडे टाकले. 4.04 आलं. म्हणजे आम्ही ज्याला थोडी चरबी म्हणत होतो तेव्हाच बहुतेक बरंच पुढे गेलं होतं, आणि ते कळायला एक रुपयाचाही जादा खर्च नव्हता रे, सगळे आकडे त्याच पिवळ्या फाईलमध्ये होते.

म्हणून तुझं ते "सगळ्यांनाच असतंय की" मला ऐकवत नाही. असतं, खरंय, सरकारी आकडेवारीतच आपल्या देशात 9 ते 32 टक्के लोकांना असल्याचं म्हटलंय, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सरकारने ते डायबेटिस, कॅन्सर, हार्टच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंसुद्धा. त्यातले बहुतेक लोक सिरॉसिसपर्यंत जात नाहीत हेही खरं. पण कोण जाणार हे सोनोग्राफीवरून कळत नाही, हा सगळा घोळ तिथे आहे. ग्रेड 1, 2, 3 म्हणजे लिव्हरमध्ये चरबी किती दिसते एवढंच, लिव्हर किती कडक झालंय ते त्यात नाही. चरबीने लिव्हरला आतून सूज येत राहते, सूज भरताना व्रण पडतात, व्रणावर व्रण पडून लिव्हर निबर होतं, त्या शेवटच्या पायरीला सिरॉसिस म्हणायचं. आणि हे सगळं होताना दुखत नाही. लिव्हरच्या आतल्या मांसाला दुखण्याच्या नसाच नाहीत, फक्त बाहेरच्या आवरणाला आहेत. दात दुखला की आपण रात्री बारा वाजता डॉक्टर शोधतो, आणि हा दीड किलोचा अवयव उजव्या बरगडीखाली गपचूप खराब होत राहतो. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणूनही निवांत राहू नकोस, व्रण असूनही ते नॉर्मल असू शकतं.

आप्पांचं पहिलं लक्षण काय होतं माहितीये, पायाची सूज. 2020, 2021 दोन वर्षं कोविडमुळे पायी वारी बंद होती, 2022 ला सुरू झाली तेव्हा आप्पा तुळशीची माळ, पताका, सगळं काढून बसले होते आणि पायात चप्पल जाईना. मग पोट फुगलं, पाणी झालं. मग दिवसा झोपायचे आणि रात्री जागे, मला काकांच्या नावाने हाक मारायचे, लिव्हर जे विष गाळतं ते मेंदूपर्यंत जायला लागलं की असं होतं म्हणे, शेजारच्या बायका म्हणाल्या बाहेरचं काहीतरी आहे, लिंबू उतरवा. आणि एका पहाटे रक्ताची उलटी झाली, बेसिन भरून. निबर झालेल्या लिव्हरमधून रक्त पुढे जात नाही, मग ते अन्ननलिकेच्या शिरांत साठतं आणि त्या फुगून फुटतात. तोपर्यंत सिरॉसिस हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. श्रावणात गेले.

आता तुझ्याकडे येतो. तू म्हणतोस मी कुठे रोज पितो, शनिवारी दोन बिअर. तू ज्या 650 च्या स्ट्राँग बाटल्या घेतोस त्या 8 टक्क्यांच्या असतील तर एका बाटलीत 41 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 60 चे दोन पेग. दोन बाटल्या म्हणजे चार लार्ज पेग मन्या, एका बैठकीत, आणि वर शेंगदाणे, चकली, नंतर मटण. मी तुझ्याबरोबर कितीतरी वेळा बसलोय, उपदेश करायला तोंड नाही मला. पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच चरबी आहे त्याच्यासाठी हे दुप्पट ओझं आहे, दारू आणि चरबी एकमेकांना मदतच करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. तू तर थांबवच, कमी नको, थांबवच.

आणि ते सकाळचं गुळवेलीचं ज्यूस आणि इन्स्टावरून मागवलेली लिव्हर डिटॉक्सची पावडर, ती आधी बंद कर. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या 6 पेशंटची नोंद छापली होती, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही तो वाद वेगळा, पण ज्या पावडरीच्या डब्यात नेमकं काय आहे हे तुला, मला, विकणाऱ्यालाही माहीत नाही ती आजारी लिव्हरवर का टाकायची? आपल्याकडे कावीळ उतरवणारे असतात ना, माळ घालतात, हाताला चुना लावून पिवळं पाणी काढून दाखवतात, त्यांचं चालतं कारण हेपॅटायटिस अ आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. डिटॉक्स पावडरचंही मला तेच वाटतं. आणि हो, ब आणि क च्या हेपॅटायटिसची टेस्ट एकदा करून घे, आयुष्यात एकदा सगळ्यांनी करावी, क तर आता बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

चांगली गोष्ट सांगतो आता. आप्पांनंतर मी माझी तपासणी केली, मलाही फॅटी लिव्हर निघालं, फायब्रोस्कॅनमध्ये थोडा कडकपणाही. फायब्रोस्कॅन म्हणजे काही मोठं नाही, बरगडीवर टिचक्या मारल्यासारखं मशीन असतं, दहा मिनिटांत होतं. तेव्हा माझं वजन 84, आज 76, चौदा महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं वजन 5 टक्के उतरलं की चरबी कमी होते, 7 ते 10 टक्के उतरलं की सूज आणि व्रणसुद्धा मागे यायला लागतात. लिव्हरइतका कष्टाळू अवयव नाही रे, अर्धं कापून दुसऱ्याला दिलं तरी काही महिन्यांत परत भरून येतं. माझा दुसरा स्कॅन चांगला आला त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो, आप्पांसाठी.

काय केलं विचारशील तर काही विशेष नाही. चहातली साखर बंद, पहिले पंधरा दिवस वाईट गेले. दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर तू कप घेतोस, पाच कप धरले तरी 40-50 ग्रॅम साखर फक्त चहातून जाते. उसाचा रस, पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक बंद, फळ चावून खायचं. रात्रीचं जेवण आठला, भात एक वाटी, उसळ दोन वाट्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स खाऊन उपवास म्हणायचं बंद केलं, आई चिडली होती, आता तीही वरई खाते. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालायचं, म्हणजे रोज अर्धा तास करून पाचच दिवस, आणि तुझ्या तर घराजवळ रंकाळा आहे, मला इथे ठाण्यात चालायला फुटपाथ मिळत नाही. रस्सा सोड म्हणत नाही मी तुला, कोल्हापूरचा माणूस आहेस, पण वरचा कट आणि तिसरी वाटी सोड. वजनापेक्षा कंबर बघ, पँटचा नंबर नको, वहिनींना टेप घेऊन बेंबीपाशी मोजायला सांग, आपल्या लोकांत पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे. तू जाड दिसत नाहीस त्यावर जाऊ नको, आप्पाही दिसत नव्हते.

वहिनींना हे पत्र दाखव, लपवू नकोस. काकूंना डायबेटिस आहे ना, त्यांचीही फाईल काढ. पुढच्या शनिवारी मी येतोय, सोमवारी पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेतलीस तर तुझ्याबरोबर येईन, सुट्टी टाकलीये.

आणि हे वाचून झालं की पहिलं काम, मुतखड्याच्या वेळी जे रक्त तपासलं तो कागद काढ. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, तिन्ही आकड्यांचा फोटो पाठव. रात्री कितीही वाजले तरी पाठव, मी जागा आहे.

तुझा,
दिप्या