लॅबमधल्या मामांना, मनापासून

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाल्यावरही तुम्ही कोल्हापूरच्या के.एम.टी. बसनं, खांद्याला पिशवी अडकवून, करवीर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आलात. तुम्ही काय करून गेलात ते चार लोकांना कळावं म्हणून हे उघड पत्र.

पाण्यात मेणबत्ती उभी करून वर ग्लास पालथा घालायचा प्रयोग सगळीकडे होतो. ज्योत विझते, पाणी चढतं आणि ‘जळलेल्या ऑक्सिजनची जागा पाण्यानं घेतली’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. तुम्ही उत्तर दिलंच नाही. “पाणी कधी चढतंय ते बघा,” एवढंच म्हणालात. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं; विझता विझता सरसर वर आलं. मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्यात. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त वर! काठाशी निघालेले बुडबुडे पोरांनीच हेरले. तापलेली हवा फुगून बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली, हे त्यांनी आपसात भांडून शोधलं. ज्योत विझते तेव्हा आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १६ वर आलेला असतो, संपलेला नसतो, हे तुम्ही शेवटी सांगितलंत. त्याची वेळही अचूक साधलीत.

उदबत्तीचा प्रयोग तर अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात चिमूटभर काळं मँगनीज डायऑक्साइड, परीक्षानळी फसफसली. नुसती धुमसणारी उदबत्ती आत गेली आणि भप्पकन पेटली. नळीतला वायू, म्हणजे ऑक्सिजन, स्वतः पेटत नाही, पेटलेल्याला जोर देतो, हे वेगळं समजवावं लागलं नाही. १७७४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीनं याच वायूत मेणबत्ती झगझगीत जळताना पाहिली, ही गोष्ट तेव्हा सांगितलीत म्हणून लक्षात राहिली.

एका मुलीचे वडील गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालतात. ती लगेच म्हणाली, “चिपाड कोंबून घातलं की धूरच होतोय, मोकळं टाकलं की जाळ लागतोय. आत हवा जायला पायजे!” तुम्ही तिला पुढं बोलावून तेच सगळ्या वर्गाला सांगायला लावलंत. तिच्या बोलण्याला तुम्ही दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

आता मुलं विचारतायत, कार्बन डायऑक्साइडनं आग विझते, मग त्यात मॅग्नेशियमची फीत जळत कशी राहते? दिवाळीनंतर जमेल तेव्हा या. फीत आणि चिमटा आम्ही आणून ठेवतो.

आपली कृतज्ञ,
विज्ञान शिक्षिका