सभासदांसाठी सूचना: घरातल्या विसरण्याकडे लक्ष द्या

नमस्कार मंडळी,

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयानं होतंच, त्याची धास्ती नको. पण ४० वर्षं रोज केलेल्या आमटीची फोडणी मध्येच अडली, हातात मोहरीचा डबा आणि पुढचं सुचेना, तर दुर्लक्ष करू नका. माझ्या आईचं असंच सुरू झालं. ‘वय झालं’ म्हणत आम्ही वर्ष घालवलं. तेच पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, हेही पाहा. चारचौघांत चूक काढू नका. कधीपासून काय बदललं ते वहीत लिहा आणि डॉक्टरांकडे न्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडमुळेही असं होतं आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन: १४५६७.