अनंतास पत्र : एका गुंडाळीविषयी

क्वीन्स, न्यूयॉर्क

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. आज लिहितो आहे ते एका कापडासाठी, आणि त्याची काळजी तुझ्याखेरीज कोणाला कळेल असे मला वाटत नाही.

इराने ब्रुकलिनमध्ये घर घेतले आणि दिवाणखान्यासाठी इथल्या सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जुन्या गाडीतली ठिकाणांची गुंडाळी विकत आणली. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत कोनी आयलंड, ब्रायटन बीच, फार रॉकअवे अशी शेवटच्या स्थानकांची नावे एकाखाली एक छापलेली आहेत. गाडीचा कर्मचारी दांडा फिरवी आणि हवे ते नाव काचेत येई. आपल्या बेस्टच्या बसवरची पाटी अशीच फिरत असे. गुंडाळी पूर्ण उलगडली तर ती भिंतीच्या उंचीच्या कितीतरी पट लांब भरते. चौकट करणाऱ्याने सुचवले की, कोनी आयलंड आणि त्याच्या आसपासची चार नावे ठेवून बाकीचे कापड कापून टाकावे. इराला ते पटले आहे आणि तेव्हापासून मला चैन नाही.

मी ते कापड दिव्याखाली नीट पाहिले. काही नावे पिवळट पडली आहेत, काही अगदी कोरी आहेत. जी नावे काचेत वर्षानुवर्षे उजेडाला सामोरी गेली तीच पिवळी पडली असावीत, आणि हा फरक दोन्ही शेजारी असल्याशिवाय दिसत नाही. ही गाडी कुठे अधिक धावली याची नोंद त्या कापडावरच आहे. चार नावे कापून घेतली की उरते ती फक्त सुंदर अक्षरे. सुंदर अक्षरे हवी असतील तर नव्या छापील प्रती हव्या तितक्या मिळतात आणि त्या लावण्याला माझी कधीच हरकत नव्हती. इराच्या स्वयंपाकघरातल्या तीन इंच बाय सहा इंचांच्या पांढऱ्या टाइल्स मला मनापासून आवडल्या. 1904 साली पहिला सबवे सुरू झाला तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुकारांच्या स्थानकांत अशाच पांढऱ्या टाइल्स लागल्या होत्या, आणि त्यांची प्रत काढताना कुठली जुनी भिंत फोडावी लागत नाही.

भिंत फोडण्यावरून तुला गिरगावातले आपले भांडण आठवलेच असेल. बाबल्याच्या वाड्यातल्या नक्षीदार फरश्या तू उचलून आणल्यास आणि गोदूताईसाठी टेबल केलेस. चार फरश्या जुळल्याशिवाय ते फूल पुरे होत नाही, असे मी म्हणत होतो. त्या उचलल्या नाहीत तर राबिटाच्या ट्रकमध्ये जातील, असे तू म्हणत होतास. मी अजून माझ्याच बाजूला आहे. त्या टेबलावर इतकी वर्षे चहा सांडूनही एक डाग दिसत नाही, एवढे श्रेय मात्र तुला दिलेच पाहिजे.

या शहरात तर त्या वादाला पुरावेच पुरावे आहेत. अॅस्टर प्लेस स्थानकाच्या भिंतीवर बोस्टनच्या ग्रूबी कंपनीने घडवलेले बीव्हर आहेत, कारण ज्या अॅस्टरचे नाव त्या जागेला आहे त्याने बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारात संपत्ती मिळवली. तो बीव्हर कोणाच्या न्हाणीघरात लावला तर तो नुसता प्राणी होईल. 1932 साली सुरू झालेल्या सबवेच्या इंडिपेंडंट नावाच्या मार्गांवर वास्तुकार स्क्वायर व्हिकर्सने टाइल्सच्या पट्ट्यांना जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, लाल असे क्रमाने रंग दिले: मॅनहॅटनच्या दक्षिण भागापासून दूर जाताना जलद गाडीचे स्थानक आले की रंग बदलायचा आणि पुढच्या धीम्या स्थानकांना तोच रंग राहायचा. म्हणजे त्यातली एकटी हिरवी टाइल काहीच सांगत नाही; ती बोलते ती आधीच्या निळ्यामुळे आणि नंतरच्या पिवळ्यामुळे. सबवेच्या पाट्यांवर वरच्या कडेला असलेली रेघही अशीच आहे. त्या पाट्यांची रचना करणाऱ्या मॅसिमो विन्येली आणि बॉब नॉर्डा यांच्या आराखड्यात ती पाटी अडकवण्याच्या पट्टीची जागा होती, कारखान्याने ती रंगवून टाकली, आणि आता घरोघरच्या छापील पाट्यांवर ती शोभेसाठी मिरवते. मला त्या रेघेबद्दल माया वाटते, कारण तिच्यात पाटी कुठेतरी टांगलेली होती याची आठवण आहे.

जुनी वस्तू घरात आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. इथले वाहतूक प्राधिकरण सेवेतून काढलेल्या पाट्या स्वतःच विकते, आणि त्या भंगारात जाण्यापेक्षा कोणाच्या भिंतीवर असणे केव्हाही चांगले. (हे वाचून तू जिंकल्यासारखा हसशील, हस.) परंतु भंगारातून वाचवलेली वस्तू पुन्हा कात्रीखाली जाऊ नये, इतकेच मला म्हणायचे आहे. वर आणि खाली एकेक रूळ बसवून सबंध गुंडाळी त्यांवर ठेवली, तर आज कोनी आयलंड आणि उद्या फार रॉकअवे असे नाव बदलता येईल आणि कापड अखंड राहील. इराला हे मी अजून सांगितलेले नाही, कारण ती पहिला प्रश्न विचारेल तो कापड टिकेल का, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

जुने नकाशे कापडावर चढवण्यात तुझे आयुष्य गेले, म्हणून तुला विचारतो. घडीच्या जागी तडे गेले आहेत तिथे मागून पातळ कापड गव्हाच्या खळीने लावावे, की रंगाला ओल लागेल म्हणून खळ टाळावी? रूळ लाकडी असला तर मध्ये कोणता कागद घालावा? वारंवार फिरवण्याने अक्षरांचा रंग सुटेल का? समोरच्या खिडकीतून दुपारचे ऊन येते, त्यासाठी काच पुरेल की जागाच बदलावी?

मेघनाच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, त्यांना नमस्कार सांग. दिगूशी तुझा अबोला अजून चालू असेल तर तो आता पुरे कर.

कापडाची मापे आणि तड्यांची छायाचित्रे सोबत पाठवली आहेत. चौकटवाल्याला इराने पुढच्या शनिवारी बोलावले आहे, तेव्हा त्याआधी निदान खळीचे तेवढे कळव.

तुझा,
वसंत