चिलर घ्यायच्या आधी

पुणे,
१४ फेब्रुवारी

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. बदलीची ऑर्डर हातात पडली, वारज्यात घरही ठरलं, छान झालं. पण सामान बांधायच्या आधीच तू तुझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टँकसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, बुक करायला निघालायस, ते तेवढं थांबव. निदान एप्रिल बघून घे. चिलर वाईट असतो असं नाही, पण डोंबिवलीच्या हवेचा हिशोब तू पुण्याला लावतोयस.

तिकडे तू पंखा लावून पाहिलास, पाणी जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरलं आणि तुझा पंख्यावरचा विश्वासच उडाला. त्यात पंख्याचा दोष नाही रे. पंख्याचं काम पाण्यावरची ओली हवा बाजूला सारण्याचं, गारवा येतो तो पाणी उडून जाण्याने. तुमच्याकडची हवा आधीच ओलीचिंब, ती आणखी वाफ ठेवणार कुठे? इथे मार्च-एप्रिलच्या दुपारी दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक होतो. पुण्यातल्या माठातलं पाणी पिऊन तू नेहमी खूश होतोस ना, तीच करामत टँकमध्येही चालते.

आकडे मांडून बघ. एक लिटर पाणी उडतं तेव्हा साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तुझा टँक ६० लिटरचा, तो एक अंशाने उतरवायला ६० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कागदावर लिटरमागे साडेनऊ अंश! प्रत्यक्षात खोलीतून, लाइटमधून आणि पाण्यात बुडवलेल्या पंपातून उष्णता येतच राहते, म्हणून तीन-चार अंशांचा फरक धर. तेवढा पुरतो. घर गच्चीच्या लगेच खाली असतं आणि स्लॅब रात्रभर तापून राहत असता, तर मीच तुला चिलर घे म्हटलं असतं. तुझ्या डोक्यावर अजून दोन मजले आहेत. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता काढून टाकतो ती त्याच खोलीत, हे दुकानदार सांगत नाहीत.

पंखा कॉम्प्युटरमधला, १२ व्होल्टचा घे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ढिगाने मिळतात, तिथेच अडॅप्टरही मिळेल. तो टँकच्या कडेला तिरका बसव, वारा पाण्यावर सपाट घासत गेला पाहिजे. नीट बसला की पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या धावताना दिसतात. वरची काच काढून जाळी टाक, नाहीतर वाफ आतच कोंडते, आणि तुझा गोबी मासा उडी मारून जमिनीवर येतो ते वेगळंच. खाऱ्या हवेत पंख्याचं बेअरिंग फार टिकत नाही, एक जास्तीचा आणून ठेव.

आता पंख्याची किंमत. पैशातली नव्हे, मिठातली. उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं खाली राहतं. ऐन उन्हाळ्यात एवढ्या टँकमधून दिवसाला लिटर-दीड लिटर सहज जाईल. दोन दिवस दुर्लक्ष केलंस तर ३५ची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, ३७च्या घरात. म्हणून काचेवर काळ्या इलेक्ट्रिक टेपची पट्टी लावून पाण्याची पातळी आखून ठेव आणि रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीपर्यंत आरओचं पाणी घाल. बिनमिठाचं! मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. पंख्यासमोरच्या कडेवर मिठाची पांढरी, खरखरीत पापडी धरेल, ती ओल्या फडक्याने पुसून घे, प्रवाळावर पडू देऊ नकोस. गावाला जाणार असलास तर फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप बसवून जा, पातळी उतरली की तो आपोआप पाणी भरतो. शेजाऱ्यांच्या भरवशावर हे काम टाकू नये, ते प्रेमाने नळाचं पाणी ओततात.

उन्हाळ्याचा धसका सगळेच घेतात, पण माझ्या मते पुण्यात टँकला जाच होतो तो चढउताराचा. मार्चमध्ये पहाटे पंधरा-सोळा आणि दुपारी पस्तीस-छत्तीस, हे इथलं नेहमीचंच. टँक लहान, त्यामुळे पाणी हवेच्या मागे फरफटत जातं. सकाळी २४ आणि संध्याकाळी २९ यापेक्षा कायम २७ केव्हाही बरं. ३०च्या वर चार दिवस राहिलं की प्रवाळाच्या अंगातली सूक्ष्म शैवाळं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. माशांचं दुखणं वेगळं. २५ अंशांना लिटरभर समुद्राच्या पाण्यात पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३०ला तो सव्वासहावर येतो. मासे वर येऊन तोंड मारायला लागले की आधी थर्मामीटर बघायचा.

हा चढउतार आवरायला एसटीसी-१००० नावाचा तापमानाचा कंट्रोलर घे, तोही तपकीर गल्लीतच. त्याला पंखा आणि हीटर दोन्ही जोडता येतात. २६ वर लाव, फरक अर्ध्या अंशाचा ठेव. २६.५ला पंखा सुरू होईल, २५.५ला हीटर. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घे, खाऱ्या पाण्याशेजारी हौस नको. त्याचा सेन्सर पक्का चिकटव. जानेवारीच्या रात्री तो पाण्याबाहेर लोंबकळला तर कंट्रोलरला वाटतं पाणी गार पडलंय, आणि हीटर चालूच राहतो. म्हणून हीटरच्या अंगावरची चकती २७वर ठेवायची, एक चुकला तर दुसरा आवरतो. हीटर तळाशी आडवा बसव. पाणी उडून पातळी उतरली आणि हीटरची काच उघडी पडली तर तडकते. ६० लिटरला ५० वॉटचा पुरतो. जानेवारीत इथे पारा दहाच्या खालीही जातो, तेव्हा बदलायचं पाणीही बाल्कनीतल्या बादलीतून थेट ओतू नकोस.

लाइट संध्याकाळी पाच ते बारा लाव, दुपारी टँक अंधारात राहू दे. मासे तक्रार करत नाहीत आणि तू घरी आल्यावर तुला बघायलाही मिळतं.

मेच्या शेवटी एक गंमत होते. वळवाचे ढग जमतात, हवा दमट होते, पण उकाडा तसाच. नेमका तेव्हाच पंखा नांगी टाकतो. खोलीत कूलर लावलास तरी तेच, खोली गार होते पण हवा ओली करून ठेवते. त्या आठ-पंधरा दिवसांसाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून ठेव आणि एका वेळी एकच सोड, म्हणजे पाणी दाणकन उतरणार नाही.

मासे आणताना थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या गाडीने आण. पिशव्या मी सांगेपर्यंत उघडू नकोस. आणि शिफ्टिंगला गुरुवार सोडून कोणताही वार धर, इकडे पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिकेला गुरुवारच सापडतो. आरओचे दोन कॅन मी आदल्या दिवशी भरून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अव्या